देणगीच्या गाडीमागची मांजरं

ती घटना आठवली की आजही माझं टाळकं फिरतं. मी सातवी शिकलेला. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. पण दानाच्या नावाखाली चाललेला हलकटपणा ओळखायला पदवी लागत नाही.

रेवदंड्याजवळच्या एका कोळीवाड्यात बारीची पद्धत होती. टेम्पोवाल्यांनी आळीपाळीने गाडी तयार ठेवायची. कुणी अत्यवस्थ झालं की मासळी उतरवून आधी माणूस न्यायचा. वादळानंतर मुंबईच्या एका संस्थेने रुग्णवाहिका दिली. हार, नारळ, फोटो झाले. "आता गाडी हाय ना!" म्हणत वाड्याने बारी मोडली.

मग एका सुनेला अवेळी कळा सुरू झाल्या. चालकाने फोनवर सांगितलं, गाडी गॅरेजात आहे. रिक्षा मिळेपर्यंत उशीर झाला. सून वाचली, मूल गेलं.

तिची सासू ठाण्यात आली. "फौजदार, गाडी बिघडली नव्हती. मावरं भरून बाजारात गेली व्हती."

"कोणी पाहिलं?"

"पाह्यलंय समद्यांनी. बोलनार कोन न्हाय."

चालकाला गाडीसकट ठाण्यात बोलावलं. कडक इस्त्रीचा गणवेश, खिशावर संस्थेचा बिल्ला. "गॅरेजातच होती साहेब. बघा, कशी चकचकीत हाय!" आत नुसता फिनेलचा वास. तेवढ्यात संस्थेच्या इथल्या प्रमुखाचा फोन आला, "दानशूर लोकांवर संशय घेता?"

"दानशूरांवर नाही, गाडीवर घेतो," म्हणालो आणि गाडी आवारात उन्हात लावली.

दुपारी बाजारातली मांजरं जमली. एक तर मागचं दार नखांनी ओरबाडू लागलं. हवालदार हसला, "साहेब, साक्षीदार आले!" पंचांना बोलावून स्ट्रेचरखालची पत्र्याची फळी उचलली. खाली कुजकं पाणी आणि कोळंबीची सालं.

चालक बोलू लागला. "प्रमुखांनी पेट्या भरल्या, साहेब. गॅरेजाचं पन त्यांनीच सांगायला लावलं."

दोघांवर गुन्हा नोंदवला. मुंबईहून संस्थेचे शेठ धावत आले, सासूला म्हणाले, "आजी, आम्ही दुसरी गाडी देतो."

"द्या," ती म्हणाली. "पन तिची चावी वाड्यात ऱ्हाईल. आनि फोटोला माझी सून उभी ऱ्हानार न्हाय."

शेठ हात जोडून माफी मागू लागले. मला त्यांची दया आली नाही, आजही येत नाही. गाडी देताना त्यांनी सगळं विचारलं होतं: नाव कुठे रंगवायचं, नारळ कोण फोडणार. आजवर इथली आजारी माणसं कोण नेत होतं, एवढं मात्र विचारलं नाही.