विल्होनं बदकांच्या घराला पाडलेलं भोक

विल्हो कांगासनं बांधलेल्या सौनात, म्हणजे आंघोळीच्या लाकडी वाफघरात, फट शोधून दाखवणं आमच्या फिनिश लोकांच्या कीविमाकी रस्त्यावर अजून कुणाला जमलेलं नाही. ओंडके एकमेकांत असे बसवायचा आणि सांध्यांत शेवाळ असं ठासायचा, की पेटती काडी भिंतीवरून फिरवली तरी ज्योत हलायची नाही. काम संपलं की मालकाला भिंतीशी उभं करायचं, काडी ओढायची, आणि ज्योतीकडे बोट दाखवून नाकातून म्हणायचं, "बघा. झोपलीय." एवढं झालं की विल्होचं त्या दिवसाचं बोलणं संपलं.

घरातलं बाकीचं बोलणं बायको साइमी बघायची. ती रेडिओला उत्तरं द्यायची, चुलीवर डाफरायची, आणि परसातल्या पांढऱ्या बदकांशी तर तासन्‌तास गप्पा मारायची. बदकांची नावं चर्चच्या शिवणमंडळातल्या बायकांवरून ठेवलेली होती. जिचा आवाज ज्या बाईसारखा, तिला त्या बाईचं नाव. अर्थात ही गोष्ट घराबाहेर जायची नाही, अशी विल्होला सक्त ताकीद होती. ताकीद कुणाला, तर विल्होला! त्याच्या पोटातून हवामानसुद्धा बाहेर पडत नसे.

त्या हिवाळ्यात साइमीच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. नंतरचे काही आठवडे तिनं डुलुथला मुलीकडे राहायचं होतं. निघताना ती गाडीत बसली, काच खाली केली आणि सुरू झाली.

"पाणी बाहेर ठेवायचं, रबरी घमेल्यात. अख्खं नाक बुडेल एवढं खोल. रात्री आत पाणी ठेवू नकोस, सांडून चिखल करतात. पेंढा कोरडा. संध्याकाळी मका. आणि त्यांच्याशी बोलत जा."

"काय बोलू?"

"माझ्याशी जे बोलत नाहीस ते बोल."

मुलीनं गाडी सुरू केली, तशी साइमीनं त्याची बाही धरली. एकदम हळू आवाजात म्हणाली, "विल्हो, हा पाय पुन्हा नीट चालेल की नाही, डॉक्टर काही सांगत नाहीत. घरी येऊन त्या सगळ्याजणी समोर दिसल्या ना, की मला धीर येईल. एवढं कर."

विल्होनं मान हलवली. त्याच्या हिशेबी ती शपथ होती.

आणि मग सुपीरियर सरोवरावरून खरी थंडी आली. झाडांची खोडं बंदुकीसारखी तडकायला लागली, नाकातले केस काड्यांसारखे ताठ. बदकांचं घर साइमीच्या भावानं ठोकलेलं. वळचणीखाली चांगली बोटभर रुंदीची फट, सरळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत! विल्होनं ती वर्षानुवर्षं बघितली होती आणि मेव्हण्याच्या अब्रूखातर गप्प बसला होता. आता मात्र शेवाळाचं पोतं काढलं. वरची फट बुजवली, खालच्या बुजवल्या, दाराला जाड लोकरी नमदा ठोकला. मग आत वाकून काडी ओढली.

"बघा. झोपलीय," तो बदकांना म्हणाला. बायकोनं सांगितलं होतं ना, बोल म्हणून.

थोडे दिवस गेले. एका सकाळी दार उघडलं तर आतल्या भिंतींना पांढरं केसाळ दव गोठलेलं, पेंढा ओलसर, आणि असा वास की डोळ्यांत मिरची जावी. बाकीची बदकं कुरकुरत बाहेर आली. एक मात्र बसूनच राहिली. विल्होनं तिला उचललं. केशरी पाय मेणासारखे फिके पडले होते.

आजारी पडलेलं हे बदक म्हणजे एल्मा. मंडळातली सगळ्यात मोठ्या आवाजाची.

विल्होनं काय निदान केलं? थंडी अजून कुठून तरी आत येतेय. मग शेवाळाचा आणखी एक थर. त्या संध्याकाळी फोन वाजला.

"कशा आहेत?"

"बऱ्या."

"एल्मा खातेय ना?"

"खातेय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्याशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. तेवढं बोलायचाच कुठे!

शनिवारी शेजारीण आली. तिचंही नाव एल्मा, एल्मा रौतियो, म्हणजे मूळ एल्मा हीच. नवरा गेल्यापासून दर शनिवारी कांगासांच्या सौनात आंघोळ, मग कॉफी आणि निसू, म्हणजे वेलचीचा गोड पाव. टॉवेल काखेत मारून ती अंगणातून येत होती, तो विल्हो विजेची वायर आणि भलामोठा गरम दिवा घेऊन बदकांच्या घराकडे निघालेला.

"काय रे म्हाताऱ्या, आज जेवायला भाजलेलं बदक का?"

"थंडी आहे आत."

"म्हणून पेंढ्यात दिवा? अरे, बदकं राहू दे, माझं घर पेटवशील!" तिनं वाकून दार उघडलं, डोकं आत घातलं आणि तितक्याच घाईनं बाहेर काढलं. डोळ्यांना धारा. "विल्हो! हे घर आहे की लोणच्याची बरणी?"

"फट एकही नाही," विल्हो म्हणाला. एवढं होऊनही आवाजात थोडी ऐट होतीच.

एल्मानं टॉवेल खांद्यावर टाकला. दोन्ही अंगठे विल्होसारखे नसलेल्या गॅलिसांत, म्हणजे पँटच्या खांदेपट्ट्यांत, अडकवले, हनुवटी छातीला टेकवली, आणि नाकातून, अगदी विल्होच्या ठेक्यात, सुरू झाली. "बाई. लाकूड थंडीनं मरत नाही. घामानं मरतं. आंघोळ झाली. रॅप्पना उघडायची. ऊब जाते म्हणून रडायचं नाही. वाफ कोंडली... की सौना कुजला. माझं नाव सांगायचं नाही मग."

रॅप्पना म्हणजे सौनाच्या भिंतीत वर, छताखाली ठेवलेला झरोका. विल्होनं तो नसलेला एकही सौना जन्मात बांधला नव्हता.

"हे मी म्हणतो," विल्हो म्हणाला.

"तूच म्हणतोस. माझ्या बहिणीचा सौना बांधलास तेव्हा म्हणालास. तुझ्या तोंडून एकदम एवढी वाक्यं पुन्हा कधी ऐकायला मिळणार, म्हणून मी पाठच केली. आता मला सांग, लाकडाला घाम येतो, मग रात्रभर श्वास सोडणाऱ्या बदकांना काय येतं?"

विल्होनं दिवा बर्फात ठेवला आणि करवत आणायला गेला.

वळचणीखाली, बदकांच्या डोक्यांच्या बऱ्याच वर, वारा अंगावर येणार नाही अशा बेतानं त्यानं फळी कापली. मुंगसासारखं चोरटं मिंक आत शिरू नये म्हणून भोकाला बारीक जाळी ठोकली. खालच्या फटी तशाच बंद ठेवल्या, त्या ठीक होत्या. एल्मानं ओला पेंढा दाताळ्यानं उपसून बाहेर फेकला आणि नवा गुडघाभर पसरला. आंघोळ राहिली बाजूला.

मग आजारी बदकाला कुशीत घेऊन विल्हो सौनाकडे चालायला लागला. आमच्याकडे सर्दी झाली, सौना. कंबर धरली, सौना. नवरा-बायकोचं वाजलं, सौना.

"कुठे निघालास?"

"गरम खोलीत."

"उकडायचीय का तिला? गोठलेले पाय एकदम तापवतात होय? स्वयंपाकघरात आण. कोमट पाणी घे. आणि चोळू नकोस!"

विल्हो चुलीपासून लांब खाली बसला, बदकाचे पाय कोमट पाण्यात धरले. हलला नाही. हळूहळू पायांत कुठेकुठे केशरी उतरायला लागलं, तशी ती दुखून ओरडायला लागली आणि चोच त्याच्या बाहीत खुपसून बसली. "हो," तो म्हणायचा. "हो, हो. चुकलं माझं." एल्मा मुकाट्यानं पाणी बदलत होती.

तेवढ्यात फोन. विल्होनं बदकाला शेजारच्या टोपल्यात ठेवून तो घेतला. साइमी फोनवर ओरडून बोलते, त्यामुळे तिचा फोन सगळ्या घराला येतो.

"एल्मा कशी आहे?"

"मी मजेत गं!" एल्मा लांबूनच ओरडली.

इकडे टोपल्यातलं बदक मोठ्यांदा कलकललं. एल्मानं बदकाकडे पाहिलं. मग विल्होकडे. विल्होनं छताकडे.

"हिचं नाव... एल्मा?"

"सगळ्यात मोठा गळा कुणाचा, तूच सांग!" फोनमधून साइमी म्हणाली, आणि एल्मा हसता हसता खुर्चीवरून घसरायची राहिली.

विल्हो हसला नाही. दोन्ही हातांनी फोन धरून म्हणाला, "साइमी, मी परवा खोटं बोललो. वरची फट मी बुजवली. आत घाम कोंडला, एल्माचे पाय गोठले. आता भोक पाडलंय. ती जगेल, असं वाटतंय. पाय वाचतील का, ठाऊक नाही."

साइमीला असं सलग बोलणारा नवरा ओळखीचा नव्हता. मग ती म्हणाली, "आता जवळ आहे तुझ्या?"

"हो."

"मग राहू दे जवळच. आणि मला रोज खरं सांग. माझ्या पायाचं मीही तुला खरं सांगेन. आज दाराशी चालत गेले, आणि रडले."

त्यानंतर रोज फोन व्हायचा आणि रोज दोघांचा अहवाल. "आज उभी राहिली." "मी पण." "एक बोट काळं पडलंय, गळेल बहुतेक." "गळू दे." बदकांच्या घरात आता भिंती कोरड्या होत्या, दार उघडलं की पेंढ्याचा आणि पिसांचा साधा वास यायचा. कडक थंडी तशीच होती, पण सगळ्याजणी एकमेकींना बिलगून, पाय पोटाखाली घेऊन आरामात बसायच्या. एल्मा एक बोट हरवून त्यांच्यात परत गेली आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना शिव्या घातल्या.

लास्कियाइनेनला, पोरं बर्फाच्या टेकडीवरून घसरगुंड्या खेळतात त्या सणाला, साइमी घरी आली. हातात काठी, बाजूला विल्हो. घरात न शिरता सरळ परसात गेली. एकेकीला नावानं हाक मारली, आणि सगळ्याजणी कलकलत आल्या. साइमी दाराच्या चौकटीला धरून त्यांना मोजायला लागली. विल्होनं शेजारी उभं राहून तिची वाट पाहिली.

"आल्या सगळ्या," शेवटी ती म्हणाली. मग वर झरोक्याकडे बघून, "हे कुणाच्या डोक्यातलं?"

"माझ्या. पण आठवण एल्मानं करून दिली."

"तिचे आभार मानलेस?"

विल्होनं बुटांकडे पाहिलं.

"जा," साइमी म्हणाली.

तो बर्फ तुडवत शेजारच्या दाराशी गेला. एल्मा पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"काय हरवलं?"

"काही नाही." त्यानं टोपी काढली. एवढ्या थंडीत, डोक्यावरची टोपी! "किइतोस, एल्मा." म्हणजे आभार.

एल्मानं अंगठे गॅलिसांत अडकवायला हात उचलले, नाकातून आवाजही काढला, "कि..." आणि पिठाचे हात तसेच खाली घेतले.

"आत ये रे म्हाताऱ्या," ती आपल्याच आवाजात म्हणाली, "कान गोठतील. टोपी घाल, आणि साइमीलाही बोलाव. निसू गरम आहे."