रिकामा ठेवायचा कप्पा

फोटोच्या दुकानात मी कामाला लागले तवा पोर माझी आठ म्हयन्यांची व्हती. मी आठवी शिकल्याली, पन फोटो निवडायचे, त्येला नावं द्यायची, एवढं कॉम्प्युटरवर लवकर जमलं. दुकानवाल्या सरांनी पयल्याच दिवशी कॉम्प्युटरला जोडल्याले दोन काळे डबे दाखवले. एकात लगनांचे फोटो आन व्हिडिओ. दुसऱ्यात त्येचीच नक्कल, रोज संध्याकाळी आपोआप उतरनारी. आन त्या दुसऱ्या डब्यात एक कप्पा कायम रिकामा.

"ह्यात काहीही टाकायचं नाही," सर म्हनले. ते लातूरकडचे, पन शिकल्याले, शुद्ध बोलत्यात. "नक्कल दाबून, बांधून ठेवलेली असते. गाद्या गुंडाळून माळ्यावर बसतात, पण पसरायला खाली जमीन लागते ना? पहिला डबा गेला की इथं पसरायचं."

मी व्हय म्हनले, पन मनाला पटलं न्हाई. जांबे गावात आमच्या घरी मोकळी जागा म्हंजे वाया. गोठ्याच्या तीन खोल्या झाल्यात, त्यात कंपनीतली पोरं ऱ्हात्यात, जिन्याखाली भाडेकरूच्या गाड्या. सासूबाई म्हनत्यात, "मोकळं ठिवून त्येची काय पूजा करायची?" मलाबी तसंच वाटायचं.

मग पोर चालाय लागली. खाटेपासनं दारापत्तोर, पाच पावलं, आन धपकन बसली, आन हसली. मी मोबाईलवर धरलं. माझे मालक ट्रकवर, पंधरा दिवसांनी घरी. त्यांनी आल्यावर एकदा बघितलं, परत मागं घेऊन बघितलं, म्हनले, "ह्यो पुसू नगंस हां. माझ्या म्होरं काय ती पयल्यांदा चालली न्हाई." पन मोबाईल गच्च भरल्याला, सारखं जागा न्हाई, जागा न्हाई. म्हनून मी पोरीचे समदे व्हिडिओ दुकानातल्या त्या रिकाम्या कप्प्यात टाकले आन मोबाईलमधनं काढले. कुनाचं काय जातंय, असं वाटलं. पडूनच तर व्हती जागा.

सर एकदा लगनाच्या कामाला बाहेरगावी गेल्याले. दुकानात मी एकटी. सकाळी दोनदा लाईट गेली, आली, आन पयला डबा टकटक टकटक कराय लागला आन बंदच पडला. त्याच टायमाला रिहे गावाहून नवरीची आई आल्याली, अल्बमचे फोटो निवडायला. मी सरांना फोन लावला.

"घाबरू नको. नक्कल आहे ना. मी सांगतो तसं कर, फोन ठेवू नको, स्पीकरवर टाक."

त्यांनी सांगितलं तसं मी दाबत गेले. आन पडद्यावर आलं, जागा कमी पडते.

"कमी कशी पडेल? कप्पा रिकामा आहे ना?"

"व्हय सर... बघते."

नवरीची आई मागनं म्हनली, "काय गं बाय, न्हाईत का फोटो? का परत लगीन लावायचं आता? जावई न्हाई बसायचा दुसऱ्यांदा हळदीला."

मला हसायलाबी येईना. मोबाईलवर परत घ्यावं म्हनलं, तर मोबाईलवर सर, आन त्योबी, कॉम्प्युटरबी भरल्यालाच. खरं सांगावं, तर काम जातंय. सासूबाई तर काम सुटायची वाटच बघत्यात, पोर टाकून कुटं जाती म्हनत्यात. मी एक व्हिडिओ पुसला. आंघोळीचा. मग जेवतानाचा. मग उष्टावनाचा. चालतानाचा मागं ठिवला. जागा तरी कमीच. शेवटी त्योबी पुसला, पन मनात म्हनलं, पुसल्यालं कचऱ्याच्या डब्यात पडतंय, संध्याकाळी परत काढीन. तेवढ्याच आशेवर मी दाबलं.

तरी जागा कमी.

"कचरा रिकामा केलास का?" सर म्हनले. "पुसलेलं तिथं जागा अडवून बसतं. काही असेल तर टाक उडवून."

मी माऊसवरचा हात काढला. नवरीची आई खुर्ची वढून जवळ आली, तिच्या बांगड्या वाजल्या माझ्या कानाशी.

"ऐकू येतंय ना तुला?"

"येतंय सर."

"मग कर."

मशीननं इचारलं, कायमचं पुसायचं का. मी व्हय दाबलं. आवाजबी झाला न्हाई कसला. मग हिरवी पट्टी सरकाय लागली, आन समदं लगीन आलं, हळद आली, अक्षता आल्या. नवरीची आई पडद्याला बोट लावून रडाय लागली, "ह्यो बघ, ह्यो बघ, माझ्या पोरीचा बा कसा उभाय." मीबी रडले. तिला वाटलं मी तिच्यासाठीच रडती, तिनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला.

सर आले तवा म्हनले, "तू होतीस म्हणून वाचलं." आता नवा मोठा डबा आनलाय आन त्येचा रिकामा कप्पा माझ्या ताब्यात दिलाय. काम सोडूनबी जाता येईना, सांगताबी येईना. मी रोज उघडून बघती, रिकामा हाय का. रिकामाच असतोय.

मालक परवा आल्ते. पोर आता पळती, कुनाच्या हाताला लागत न्हाई. जेवताना म्हनले, "अगं, त्यो पाच पावलांचा लाव की टीव्हीवर."

मी भाकरी थापत व्हते, वळून बघितलं न्हाई.

"दुकानात हाय," मी म्हनले. "आनती."

"उद्या आन."

"व्हय."