इंग्रजीतले नारळ

रिह्याच्या खोऱ्यात देवीशी बोलायचं तर गुरवमास्तरांशिवाय कुणाचं चालत नसे आणि इंग्रजीशी बोलायचं तर खुद्द गुरवमास्तरांचं काही चालत नसे. सकाळी देवळात पूजा आणि मग गावच्या शाळेत हंगामी शिक्षक, असा त्यांचा दिवस होता. मॅट्रिकचे बाकीचे विषय सुटले होते, इंग्रजी तेवढं अडलं होतं. या खेपेला तेही सुटलं नाही तर शाळेवर दुसरा माणूस येणार आणि मास्तर मुंबईच्या गिरणीत जाणार, हे ठरल्यासारखंच होतं. मी तेव्हा पुण्यात एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. रविवारी रिह्याला आत्याकडे जात असे. तिनंच मास्तरांची शिकवणी माझ्या गळ्यात घातली.

गावात कुणाला नवस बोलायचा असला की तो मास्तर बोलून देत. म्हैस धड व्याली तर बकरं देईन, असं कुणी म्हणालं की ते त्याला देवीसमोरच अडवत. "कोंबडं बोल. फेडायचं तुला हाय, मला न्हाई." गावातला एकही नवस थकलेला नाही, असा त्यांचा दावा होता. तो खोडून काढणारं मला कुणी भेटलं नाही.

इंग्रजीतलं 'अमुक झालं तर तमुक करीन' हे वाक्य त्यांना पहिल्याच रविवारी समजलं. "म्हंजी नवसच की ह्यो!" ते म्हणाले, आणि तिथून घोटाळा सुरू झाला. वाक्याचा पहिला भाग मी द्यायचा, दुसरा त्यांनी पुरा करायचा. तो दर वेळी एकच असे. पाऊस आला तर मी देवीला नारळ देईन. एसटी वेळेवर आली तर मी देवीला नारळ देईन. दुसरं काहीतरी लिहा, असं मी सांगून पाहिलं. "पाव्हणं, उगं काय बी कबूल करून कसं चालंल? नारळ आपल्याला झेपतो."

'मी राजा असतो तर' या वाक्याला ते बरेच दिवस हात लावीनात. होणार नाही त्या गोष्टीसाठी देवीला कशाला तिष्ठत ठेवायचं, हा त्यांचा मुद्दा होता. शेवटी, हे नुसतं बोलायचं आहे, असं त्यांनी देवळात जाऊन तिला सांगितलं आणि मग लिहिलं. 'झालं असतं तर' मात्र त्यांनी साफ नाकारलं. "घडून गेल्याला नवस नसतो."

परीक्षेत नेमका राजाच आला. मास्तरांनी राजा होऊनही देवीला नारळच दिला. हे ऐकून आत्या म्हणाली, "राजा झालासा आन् नुसता नारळ? मास्तर, लई चिकट हाय तुमी!"

निकालाचे क्रमांक आमच्याच पत्रात छापून आले, त्यात मास्तरांचाही होता. अंक घेऊन मी पहिल्या एसटीनं रिह्याला गेलो. मास्तरांनी स्वतःच्या हातानं घंटा बडवून शाळा सोडली. संध्याकाळी देवळासमोर सगळा गाव जमला. सरावात कबूल केलेले नारळ मास्तर एकेक करून फोडू लागले. पाऊस आला होता, त्याचा नारळ फुटला. भात पिकलं होतं, त्याचाही फुटला. एसटी एकदाही वेळेवर आली नव्हती, म्हणून तिचा नारळ रद्द झाला.

"आन् राजाचा वो?" आत्यानं टोकलं.

"त्याचं देणं लागत न्हाई," मास्तर गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "त्यो 'इफ आय वेअर'मधला हाय."

गावानं टाळ्या वाजवल्या. गावाला त्यातलं काय समजलं, ते सांगता येणार नाही. मास्तरांना इंग्रजी आलं, याची माझी मात्र तेव्हा खात्री पटली.

पुढं ते त्याच शाळेत कायम झाले. आत्या गेल्यावर माझं रिह्याला जाणं तुटलं. शेवटचा गेलो तेव्हा मास्तर एसटीपर्यंत सोडायला आले होते. गाडी नेहमीप्रमाणे उशिरा आली. मी चढून बसल्यावर ते खिडकीशी आले आणि शाळेत धडा म्हणावा तसं सावकाश म्हणाले, "इफ यू हॅड नॉट कम, आय वुड हॅव गॉन टु मुंबई."

तुम्ही आला नसता, तर मी मुंबईला गेलो असतो. वाक्यात एकही चूक नव्हती.

"आणि नारळ?" मी विचारलं.

"ह्यात नारळ बसत न्हाई, पाव्हणं," मास्तर म्हणाले. गाडी सुटेपर्यंत त्यांनी खिडकीचा गज सोडला नाही.