दहावा वाटा

मालन पहाटे जेटीवरून बांगडे उचलायची आणि बाजारात बसून दहा वाटे लावायची. नऊ गिऱ्हाइकांचे, दहावा देवाचा. भाव कितीही चढो, त्याला कुणी हात लावायचा नाही! शेजारणी चिडवायच्या, तुझा देव बरा गो मासेखाऊ. ती हसायची आणि दुपारी तो वाटा चर्चच्या पाळकसाहेबांच्या दारात देऊन यायची. घरात नुसता जवळा शिजत असला तरी अकरा वर्षं हा नेम मोडला नाही. चर्चच्या मंडळीत दशमांशाचे, कमाईतल्या दहाव्या हिश्शाचे, पैसे घालायला पाकिटं वाटत, ती मात्र घेत नसे. आपला तर रोज पोचतो, मग पाकीट कशाला?

यंदा तिचा नवरा केरू अंथरुणाला खिळला. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. त्याचं मागणं एकच होतं, मला मनस्वीच्या शेजारी ठेव. मनस्वी त्यांची एकुलती लेक. नऊ वर्षांची असताना तापानं गेली, मंडळीच्या कब्रस्तानात आहे. शेजारची जागा रिकामी होती.

रविवारी भक्ती आटोपल्यावर मालन पंचांपुढे उभी राहिली. कब्रस्तान भरत आलं तसा पंचांनी नियम केला होता. तीन वर्षं ज्याचा दशमांश नाही तो सभासद नाही, आणि जागा सभासदालाच. विनोद सेक्रेटरीनं वही उघडली. केरूच्या नावापुढे सगळं कोरं.

मालन म्हणाली, पाळकसाहेबांना विचारा. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. भला माणूस तो, खोटं बोलणारा नव्हे, आणि तिथंच घात झाला.

"मालनबाई, मला वाटलं, तुम्ही मायेनं आमच्यासाठी आणता," ते खाली बघत म्हणाले. "आम्ही खाल्ले हो ते."

घ्या! तळून खाल्लेल्या बांगड्यांची पावती आता कोण फाडणार? पाळकसाहेबांनी हात जोडून रदबदली केली. पंच म्हणाले, आज एकाला सूट दिली की उद्या दहा जण दारात.

घरी केरूनं विचारलं, "जागा मिळाली?"

"मिळाली," मालन म्हणाली. गुरुवारी तो निवांत गेला.

गावाबाहेरच्या कातळावर त्याला पुरलं. पहार लागेना, म्हणून खड्डाही उथळच राहिला.

आठ दिवसांनी ती बाजारात बसली. हातांनी सवयीनं दहा वाटे लावले. एका बाईनं दहाव्याचा भाव विचारला, तो तिला सांगता येईना. उगाच वाट बघून बाई पुढे गेली.

मनस्वीच्या शेजारची जागा अजून रिकामीच आहे.