काळी-पिवळीची पुढची सीट

"बाईमाणसानं गाडीत पुढं बसायचं न्हाई."

हा आमच्या घरातला नियम. थोरल्या काकांनी केलेला. मी सातवीत असताना एकदाच विचारलं होतं, "काहून?"

"काहून न् बिहून काही न्हाई. ड्रायव्हरचं ध्यान जाते."

"पण ड्रायव्हर तर बाबाच हायेत!"

त्यावर काकांनी मला जेवत्या ताटावरून उठवलं. पुढं मी नांदेडला जाऊन बीएस्सी केलं, तीन वर्षांपूर्वी बाबा गेले, त्यांची जीप भंगारात गेली. नियम मात्र ठणठणीत!

त्या जीपचं लाकडी मॉडेल मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये करतेय. हातभर लांब. डोंगरकडा ते वारंगा फाटा पॅसेंजर नेणारी बाबांची काळी-पिवळी, जशीच्या तशी. शेडमध्ये किस्से लाकडाच्या भुश्शासारखे साचतात. संध्याकाळी झाडून काढावेत, सकाळी पुन्हा केसात सापडतात. त्यातलेच काही सांगते.

*

सुरुवातीलाच अडलं. गाडीच नाही तर मापं कशाची घेणार? फोटो एकच, तोही डाव्या बाजूनं काढलेला, आणि त्यातही बोनेटवर काका रेलून उभे!

मग मी आईलाच टेप घेऊन उभं केलं.

"मागचं पायदान?"

"इथं," आईनं गुडघ्याखाली हात लावला.

"मागची सीट?"

"त्याच्या वीतभर वर. डाव्या कोपऱ्यात रेक्झिन फाटलं होतं. मीच दाभणानं शिवलं."

दाराची साखळी, स्टेपनी, टपाला कुठं डोकं लागायचं, खिडकीची कोणती काच खडखडायची... आई डोळे मिटून सांगत होती, मी भराभर लिहून घेत होते.

"आता डॅशबोर्ड सांग."

आईनं डोळे उघडले. "ते मला काय माहीत? मी कधी बसले पुढं?"

चौदा वर्षं बाबांनी ती गाडी चालवली. पुढची सीट पॅसेंजरची, नाहीतर काकांची. आई कायम मागं, डाव्या कोपऱ्यात, स्टेपनीला धरून.

"ते म्हणायचे, एखाद्या दिवशी पॅसेंजर नसतील, गाडी खाली असंल तवा तुला फाट्यापर्यंत पुढं बसवून नेतो," आई म्हणाली. "गाडी कधी खाली राहिलीच न्हाई." आणि कणीक मळायला आत गेली.

त्या दिवसापासून मला आईला ती सीट द्यायची आहे. लाकडाची देऊन भागणार नाही, हे मलाही कळत होतं.

*

पुढची सीट काकांची, म्हणून डॅशबोर्ड काकांना विचारला. तेव्हा हमीदचाचा शेडमध्ये चहा पीत बसले होते. चाचा बाबांचे जोडीदार. फाट्यावर त्यांची काळी-पिवळी अजून चालते.

"घड्याळं तीन होती," काका म्हणाले.

"दोन," चाचा म्हणाले.

"गिअरची मूठ काळी."

"लाल. मीच आणून दिली होती नांदेडहून."

काका भडकले. "हमीद, त्या सीटवर मी बसायचो का तू?"

"बसायचे तुमीच, भाईसाब. पण पहिल्या पुलाच्या आधी घोरायला लागायचे! डोकं त्याच्या खांद्यावर. गिअर टाकायची तकलीफ व्हायची बिचाऱ्याला!"

काका चहा अर्धा ठेवून निघून गेले. चौदा वर्षं पुढं बसून या माणसानं डॅशबोर्ड पाहिलाच नव्हता! आता बोला.

*

लाकूडकाम मला गंगाराम मिस्त्रींनी शिकवलं. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आयुष्यभर दारं-खिडक्या केल्या, त्यातले सागवानाचे तुकडे राखून ठेवलेले. ते सगळे त्यांनी मला दिले. रंधा मात्र दिला नाही. तीन आठवडे नुसता पॉलिश पेपर!

"आबा, मी बीएस्सी झालेय."

"व्हय ना. मग शिकलेल्या हातानं घास."

मी घासलं. दात-ओठ खात घासलं. चौथ्या आठवड्यात एकदाचा रंधा हातात आला आणि मी झोकात पुढची दोन्ही दारं केली. आबांना बोलावलं. आबांनी दारं हातात घेतली, उलटीपालटी केली, चष्मा पुसला.

फोटो डाव्या बाजूचा. मी त्याच्यावरून दोन्ही दारं डावीच केली होती!

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. आबा शांतपणे म्हणाले, "हरकत न्हाई. एकाच बाजूनं दोनदा उतरता येईल."

*

ड्रायव्हरचं दार मग मी नव्यानं केलं. बारीक बिजागरी लावली. बंद केलं की कागदही आत जायचा नाही, इतकं बराबर बसलं. हमीदचाचांना कौतुकानं दाखवलं. त्यांनी एकदा उघडलं, एकदा लावलं.

"दार लागून राहिलं, बेटा."

"मग?"

"मग ही गाडी त्याची न्हाई."

मला काही कळेना. चाचा उठले, खुर्चीवर तिरके बसले. अर्धं अंग खुर्चीवर, अर्धं बाहेर, उजवा खांदा हवेत. "पुढं चार पॅसेंजर घेतल्यावर ड्रायव्हर असा बसतो. त्याचं दार कधी लागलंच न्हाई. दोरीनं बांधून ठेवायचा."

म्हणजे स्वतःच्या गाडीत बाबांनाही पूर्ण सीट कधी मिळाली नव्हती.

बराबर बसलेली बिजागरी मी काढून टाकली. आबांनी सुतळीचा तुकडा दिला. आता दार थोडं उघडंच राहतं.

*

मॉडेल बघायला गावातलं कोणी ना कोणी येत असतं आणि जो तो आपली जागा शोधतो. एक शेळ्यावाली मावशी आली. सोमवारी बाजाराला जाताना तिची शेळी बाबांच्या टपावर असायची. तिनं मॉडेलला चारही बाजूंनी बघितलं. बोनेट बघितलं, चाकं फिरवून बघितली. मी मान ताठ करून उभी.

"सगळं केलं गं पोरी, पण माझी शेळी रस्त्यात उडी मारंल की!"

"काहून?"

"दोर बांधायची कडी कुठाय?"

कडी केली! तांब्याच्या तारेची. मावशी पुढच्या आठवड्यात पुन्हा आली, कडी ओढून बघितली आणि मगच गेली.

*

आतला आरसा बसवायचा होता. टिकलीच्या पाकिटावरच्या आरशाचा नखाएवढा तुकडा. तो कसा वळवायचा यावरून शेडमध्ये जुंपली. आबा म्हणाले, सरळ ठेव. चाचा म्हणाले, रोडवर पाहिजे. मी चिमटा हातात धरून ताटकळले होते.

आई चहा घेऊन आली. कप खाली ठेवले, मॉडेलवर वाकली आणि कोणाला काही न विचारता बोटाच्या टोकानं आरसा जरासा फिरवला.

"असा," म्हणाली आणि आत गेली.

चाचांनी एक डोळा मिटून मॉडेलमध्ये बघितलं. आरशात रस्ता दिसत नव्हता. डाव्या कोपऱ्यातली शेवटची सीट दिसत होती.

"या अल्ला!" चाचा म्हणाले. "कितीदा गाडी नेली मी त्याची. दर वेळेला आरसा फिरवावा लागायचा. शिव्या देत होतो त्याला, की अरे, तुझा आरसा रोडवर काहून न्हाई!"

आबांनी पॉलिश पेपर उचलला आणि आधीच गुळगुळीत झालेलं बोनेट घासत बसले. मान न उचलता म्हणाले, "म्हणजे ध्यान जातच होतं की."

*

परवा बाबांच्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन झालं. फाट्यावरच्या ड्रायव्हर लोकांनी हट्टानं कार्यक्रम स्टँडवरच ठेवला होता. बाबांच्या फोटोशेजारी मॉडेल ठेवायचं होतं. आम्हाला न्यायला हमीदचाचा आपली गाडी घेऊन आले. काका, कुरुंद्याहून आलेली आत्या, आबा, आई आणि मी. आई पांढरं पातळ नेसून सवयीनं मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

काकांनी पुढचं दार उघडलं. "आण ती गाडी. माझ्या मांडीवर दे."

"गाडी आई धरणार."

"धरू दे की मागं बसून."

"मागं हादरे बसतात. आई पुढं बसेल."

आत्या म्हणाली, "अगं, आज तरी नको! स्टँडवर सगळे लोक उभे राहतेत. नवऱ्याच्या कार्यक्रमाला बायको पुढं बसून येऊन राहिली, बरं दिसते का ते?"

"कालेजात हेच शिकवलं का, शहाणे?" काका म्हणाले. "घराचा नियम हाये."

"असेल. मी मानत नाही."

"राहू दे गं," आई हळूच म्हणाली. "मला सवय हाये मागची."

"नाही," मी म्हणाले. "आई, आज तुझंही ऐकणार नाही. तू पुढं बसणार नसशील तर हे मॉडेल इथून हलणार नाही. मीही नाही. काका, तुमी मागं बसा."

हमीदचाचा स्टीअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. काकांचा हात दारावर होता. तो त्यांनी काढला.

आई पुढं आली. मी मॉडेल दोन्ही हातांनी धरून उभी होते. तिनं दाराची कड धरली, आत बघितलं आणि तिथंच थांबली. मग चाचांना अगदी खालच्या आवाजात विचारलं,

"भाऊ, हितून चढताना आधी कोणता पाय टाकायचा?"

काका वळून मागच्या दारानं गाडीत चढले. आत्यानं मान खाली घातली.