खेचर मेलंच पाहिजे असं काही नाही

आमच्या गल्लीत अशी वावडी आहे की चष्मेवाल्या काकांशी सिनेमावरून वाद घातला, तर ते मुद्दाम चुकीचा नंबर देतात. म्हणजे जो म्हणेल 'दिग्दर्शकाचं बरोबर आहे', त्याला पुढचे सगळे सिनेमे धूसर दिसणार. ही वावडी उठवणारा माणूस बँकेतला कॅशियर. ती सांगताना तो मान जराशी डावीकडे कलती ठेवतो, पुरावा म्हणून.

खरं झालं ते इतकंच. कॅशियरचा नवा चष्मा बसवताना काका त्याच्याशी छत्रीवाल्यावरून भांडत होते आणि भांडणाच्या भरात उजवी काच डावीकडे गेली, डावी उजवीकडे. कॅशियर तो चष्मा घालून दिवसभर फिरला. जग त्याला थोडं तिरकं दिसत होतं, पण त्याने तक्रार केली नाही. त्याला वाटलं, हीच छत्रीवाल्याची नजर, आणि ती आपल्याला आता लाभली. संध्याकाळी जिन्यात पाय चुकला तेव्हा कुठे परत आला. काकांनी काचा बदलून दिल्या, दोनदा माफी मागितली आणि काचा पुसता पुसता भांडण जिथे तुटलं होतं तिथून पुढे चालू केलं.

छत्रीवाला म्हणजे सिनेमे काढणारा एक इसम. त्याच्या प्रत्येक सिनेमात कोणी ना कोणी घरात बसल्या बसल्या छत्री उघडतं. का, ते बहुतेक त्यालाही माहीत नसावं. एकदा त्याने अख्खी लढाई टेबलाखालून दाखवली, नुसते बूट. दुसऱ्या एका सिनेमात नायक मध्यंतरानंतर आला आणि येऊन झोपला. आणि हा माणूस आमच्या पुस्तकावर सिनेमा काढत होता.

आमच्यात 'पुस्तक' म्हटलं की एकच. जादूचं राज्य, हरवलेली राणी, तिला शोधायला निघालेली दोन भावंडं, आणि राणीची घंटा पाठीवर वाहणारं एक बोलकं खेचर. खेचराला काहीच पसंत नसतं. चढ आला की 'हा काय चढ झाला', उतार आला की 'याला उतार म्हणायची पद्धत आहे का'. शेवटाकडे बर्फाचा पूल तुटतो, तेव्हा ते भावंडांना पलीकडे ढकलतं आणि स्वतः नदीत जातं. मरतं. त्या पानावर जो रडला नाही, त्याला आम्ही आमच्यात घेत नाही.

आमचा अड्डा म्हणजे काकांचं दुकान. दोन भिंतींना आरसे, त्यामुळे चारजण भांडत असले तरी सभा भरल्यासारखी वाटते. तिसऱ्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि त्याच्यासमोर उंच खुर्ची. ज्याची पाळी बोलायची, तो त्या खुर्चीत. काका काउंटरमागे बोटाएवढा पेचकस घेऊन कोणाची तरी दांडी आवळत असतात. डोळे तपासून तपासून त्यांना सवय लागली आहे, कुठलीही दोन मतं कानावर आली की विचारतात, "असं बरं, की असं?" घरी मीठ कमी-जास्त झालं तरी हेच विचारतात, असं काकू म्हणतात.

कॅशियर छत्रीवाल्याच्या बाजूचा. त्याचं प्रत्येक वाक्य 'मुळात'ने सुरू होतं आणि सहसा मुळापर्यंत पोचत नाही. समोरच्या दुकानातल्या टेलर मावशी पुस्तकाच्या बाजूच्या. त्या टाचण्या तोंडात धरून बोलतात, त्यामुळे त्यांचा राग ओठांच्या एका कोपऱ्यातून बाहेर येतो, बारीक आणि टोकदार. मी मावशींच्या पक्षात. आणि काका? काका म्हणजे आमचं सुप्रीम कोर्ट. वाद हातघाईवर आला की ते पेचकस खाली ठेवत आणि एकच विचारत, "पुस्तकात काय लिहिलंय?" मग कॅशियर खुर्चीतून उतरायचा.

ट्रेलर आला त्या दिवशी मावशींनी तो माझ्या फोनवर इतक्या वेळा थांबवून पाहिला की राणी बिचारी महालाच्या दारातून आत जाईचना.

"झग्याची शिवण बघ," मावशी टाचण्यांमधून म्हणाल्या. "खांद्यावर झोळ आलाय. ही हरवली ते बरोबरच आहे, हिला अंगावरचं कापड सांभाळता येत नाही."

"मुळात मावशी, तो झोळ हे एक प्रतीक आहे," कॅशियर म्हणाला.

"माझ्याकडे असं प्रतीक शिवून आलं तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकेल."

"पण खेचर कुठेय?" मी म्हटलं. "अख्ख्या ट्रेलरमध्ये खेचर नाही."

मग मूळ प्रश्न निघाला. छत्रीवाला खेचराला मारणार, की वाचवणार? वाचवलंन तर आम्ही काय करायचं? मावशींनी जाहीर केलं की खेचर जगलं तर त्या उठून बाहेर येतील आणि तिकीटखिडकीसमोर उभं राहून जो दिसेल त्याला शेवट सांगतील. मी म्हटलं, मी सोबत येते. आणि आम्ही दोघींनी कोर्टाकडे पाहिलं.

काका दांडी आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "खेचर मेलंच पाहिजे असं काही नाही."

मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

"काका, पुस्तकात काय लिहिलंय?" मी विचारलं.

"पुस्तकात काय, खूप काही लिहिलेलं असतं," काका म्हणाले, आणि ती दांडी इतकी आवळली की तिचा स्क्रू तुटला.

कॅशियरला आनंद लपवता येईना. तो उगाचच तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत बसला.

आता मला हे सोडवेना. कोणाचा आवाज बदलला की माझ्या कानाला ते लगेच लागतं, आणि काकांचा आवाज त्या वाक्याला घशाच्या आत गेला होता, परीक्षेतले गुण लपवणाऱ्या पोरासारखा. दुसऱ्या दिवशी मी माझा चष्मा स्वतःच जरा वाकवला आणि दुपारी दुकानात गेले. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

"हा चष्मा तू हाताने वाकवलायस," काका म्हणाले.

"हो. खेचराचं काय ते सांगा."

त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिलं. मग सांगितलं.

त्यांची मुलगी, जिला मी ताई म्हणते, लहान असताना तिचा डावा डोळा आळशी होता. आळशी डोळ्याला कामाला लावायचं तर चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवतात, म्हणजे आळशाला पर्याय उरत नाही. काका दुकान बंद करून आले की ताई पट्टी लावून मणी ओवत बसायची आणि काका पुस्तक वाचून दाखवायचे. सगळं छान चाललं होतं. मग आला बर्फाचा पूल.

"आदल्या भागात खेचर नुसतं लंगडलं होतं," काका म्हणाले, "तर इतकी रडली की पट्टी सुटून गालावर आली. रडलं की चिकटत नाही गं ती. आणि लंगडण्यावर ही गत, तर मेल्यावर काय? डोळा तर सुधारायला हवा होता."

"मग?"

"मग नाही मारलं."

त्यांनी खेचराला नदीतून वाहवत नेलं, खाली एका गावाला लावलं, आणि तिथे त्याला जकातनाक्यावर नोकरी दिली. ताईला ते इतकं आवडलं की काकांना रोज नाका वाढवत न्यावा लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याला खेचर उद्धट प्रश्न विचारतं. 'या गाडीत सामान आहे की नुसता मोठेपणा?' राजे लोकांना उलटं पाठवतं. पुस्तक संपलं तरी नाका चालूच होता. पुढे डोळा सुधारला, पट्टी गेली, पण जास्त वाचलं की ताईचं डोकं अजून दुखतं, म्हणून पुस्तक तिने कधी स्वतः उघडलंच नाही. तिच्या लेखी खेचर जिवंत आहे.

"आणि ती सिनेमाला येतेय," काका म्हणाले. "शनिवारी. म्हणाली, बाबा, आपण दोघांनी मिळूनच बघायचा. जगात एक माणूस आहे जो कधी आपल्याशी खोटं बोलला नाही, असं ती तिच्या मैत्रिणींना सांगते. तो मी."

तेव्हा कळलं. ज्या माणसाने आयुष्यभर पुस्तकाचा एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही, तो मनातल्या मनात छत्रीवाल्याला विनवत होता की बाबा रे, काहीतरी गाढवपणा कर.

शनिवारी आम्ही सगळे गेलो. ताई मध्ये, तिच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला मी. ताईची एक सवय आहे, आवडतं माणूस पडद्यावर यायच्या आधी ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसते. प्रवास सुरू झाला, ती हात दाबून बसली. भावंडं घरातून निघाली. राणीची घंटा आली. घंटा होती एका छत्रीच्या दांड्याला बांधलेली.

आम्ही वाट पाहिली. खेचर येईल, आत्ता येईल. मध्यंतर झालं. कॅशियर आमच्यापैकी कोणाच्याही डोळ्याला डोळा न भिडवता पाणी प्यायला निघून गेला. पूल आला, पूल तुटला, छत्री उघडली, भावंडं तिला लटकून पलीकडे गेली आणि छत्री उडून गेली. संपलं. छत्रीवाल्याने खेचराला मारलं नाही आणि वाचवलंही नाही. त्याच्या जागी त्याने छत्री घेतली होती.

बाहेर पायऱ्यांवर मावशी टाचण्यांशिवाय बोलत होत्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "छत्री. माझं खेचर काढून छत्री."

"मुळात छत्रीदेखील ओझं वाहते," कॅशियर म्हणाला, पण त्याच्यात जीव नव्हता. तोही त्या पानावर रडलेलाच होता.

काकांचा चेहरा मात्र पास झालेल्या पोरासारखा. पायऱ्या उतरताना ते चक्क गुणगुणत होते. तेवढ्यात ताई थांबली.

"खेचरच नाही म्हणजे काय?" ती म्हणाली. "मग पुढच्या भागात जकातनाका कोण चालवणार?"

"कुठला नाका?" मावशी म्हणाल्या.

"नाका हो मावशी. खेचर नदीतून वाहत जातं, मग नाक्यावर लागतं. पुस्तकातला सगळ्यात भारी भाग तो. तुम्ही वाचलंय ना नीट?"

कॅशियरने 'मु' म्हटलं आणि मी त्याच्या पायावर पाय दिला. मावशींनी काकांकडे पाहिलं. माप घेतल्यासारखं वरून खाली पाहिलं. आणि त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "असेल बाई. माझ्या प्रतीत पानं कमी असतील."

"बाबा, उद्या सकाळी पुस्तक काढा," ताई म्हणाली. "मला तो भाग परत ऐकायचाय. तोंडाची कडू चव तरी जाईल. तुम्हीच वाचा."

ती पुढे गेली. काका माझ्यासोबत मागे राहिले. आता गुणगुणणं बंद.

"बदलून वाचा," मी हळूच म्हटलं. "तुम्हाला येतंच."

"आता ती मोठी झालीये. लिहिलंय तसंच वाचणार."

"तुम्हाला जमणारच नाही काका. पूल तुटेल आणि तुमचं तोंड आपोआप नाक्याकडे वळेल. लावा पैज."

"काय लावतेस?"

दुकानात एक पोपटी फ्रेम आहे. काचा बशीएवढ्या, कोपऱ्यांना पंख. कंपनीने कुठल्या जन्माचा सूड म्हणून पाठवली कोण जाणे. मी म्हटलं, हरले तर ती घालून आठवडाभर कॉलेजला जाईन. जिंकले तर ती काकांनी घालायची, दुकान उघडं असताना.

"लागली," काका म्हणाले.

रविवारी दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. ताई उंच खुर्चीत बसली, मी स्टुलावर. काकांनी पुस्तक उघडलं. पूल आला तेव्हा त्यांचा आवाज जरा कापला आणि मी पंखवाल्या फ्रेममधल्या काकांची मनात छान कल्पना केली. त्यांनी पान उलटलं. आणि वाचलं. खेचर म्हणालं, 'हा काय पूल झाला', भावंडांना ढकललं, आणि बर्फाखाली गेलं. घंटा एकदा वाजली. काका थांबले. नदी पुढे गेली नाही, गाव आलं नाही, नाका आला नाही.

ताई हसली.

"बाबा, सिनेमा वाईट होता म्हणून तुम्ही मला अजून छळू नका. नीट वाचा."

"नीटच वाचलं."

"हे तुम्ही आत्ता बनवलंत. मला कळतं तुमचं."

काकांनी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिने ते डोळ्यांजवळ धरलं आणि ओळीखाली बोट फिरवत सावकाश वाचलं. पान उलटून पुढचं पाहिलं. मागचं पाहिलं. पुस्तकाच्या शेवटी जाऊन नाका तिथे कुठे ठेवला आहे का, तेही पाहिलं.

"नाका कुठाय?"

"माझ्याकडे," काका म्हणाले. "पट्टी ओली व्हायची तुझी."

"'सामान आहे की नुसता मोठेपणा'?"

"तेही मीच."

तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. काका पेचकस हातात घेऊन उभे, आवळायला समोर काही नाही. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर भांडेल, आणि दोन्हीपैकी काय बरं तेही ठरवता येईना.

"हॉस्टेलवर माझी एक रूममेट होती," ताई शेवटी म्हणाली. "ती म्हणायची खेचर मरतं. मी तिला म्हटलं, तुला वाचता येत नाही. तिने मला पुस्तक दाखवायला आणलं, तर मी म्हटलं, ही चोरून छापलेली प्रत आहे. मग आम्ही बोलणंच सोडलं. बाबा, मी त्या मुलीच्या लग्नाला गेले नाही."

"अगं बबडे."

"बबडे काय. जगात एक माणूस खोटं बोलत नाही म्हणून मी हटून बसले होते."

"चुकलं माझं," काका म्हणाले.

"चुकलंच." तिने डोळे पुसले, फोन काढला आणि नंबर शोधायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, "नाक्याचं पुढे काय झालं ते मात्र तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तो राजा परत आला होता, वेष पालटून. तिथे थांबला होतात."

"तुझी पट्टी निघाली ना."

"मग आता सांगा. थांबा, आधी हिच्याशी बोलून घेते."

तिकडे रिंग जात होती. ताई शटरखालून वाकून बाहेर गेली, आणि काकांनी माझ्याकडे न बघता काउंटरचा खालचा खण उघडला.

पोपटी फ्रेममध्ये त्यांनी माझ्या नंबरच्या काचा बसवून दिल्या आहेत. नुसत्या फ्रेमने भागलं असतं, पण ते म्हणाले, आठवडाभर घालायची तर नीट दिसायला नको का. दिसतं एकदम छान. आज सोमवार आहे, पहिला तास संपलाय, आणि मागच्या बाकावरून माझ्या पंखांवर जे काही बोललं गेलं, तेही मला स्पष्ट ऐकू आलंय.