मोहाखालची आग आणि एक प्रश्न

बालाघाटच्या जिल्हा न्यायालयात आयुष्यभर आरोपींची बाजू मांडणारे आमचे नारायणराव ठवरे साहेब यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी गोड लिहिणारे पुष्कळ असतील. माझा तो स्वभाव नाही, आणि साहेबांनाही गोडाचे पथ्य आहे. म्हणून त्यांच्या हाताखाली असताना मी केलेली एक चूक सांगते.

वकिलीची नवी सनद घेऊन मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी माझे गुणपत्रक उघडलेही नाही. "गर्दीत तुमचा पाय माह्या पायावर पडला, तं गुन्हा झाला काय?" त्यांनी विचारले. "नाही, हेतू नव्हता," मी म्हटले. "अन् कोणाच्या तरी पायावर पडन हे मालूम असून धावत सुटल्या तं?" मी कलमे आठवू लागले. साहेब म्हणाले, "हेतू येगळा, जाणीव येगळी, निष्काळजीपणा येगळा. आपली सारी वकिली या तिघांच्या मधात हाय. उद्यापासून या."

दुसऱ्याच वर्षी लांजीकडच्या एका गावातल्या फुलवंताबाईंचे प्रकरण आले. आमच्याकडे मोहफुले वेचण्याआधी झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुले मोकळ्या जमिनीवर पडतात. बाईंनी पाला पेटवला, वारा सुटला आणि शेजारच्या सुगंधाबाईंचे घर जळाले. दोघींचे शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जुने भांडण. "तुह्या घराले आग लागो" असे फुलवंताबाई चारचौघांत बोलून बसल्या होत्या. पोलिसांनी जाणूनबुजून घर जाळल्याचा गुन्हा लावला. त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. बाई तुरुंगात, आणि घरी नऊ वर्षांची मुलगी मामीच्या भरवशावर.

मी हुशारी केली. "त्या दिवशी मी लांजीच्या बाजारात होते, असे सांगा," म्हणून बाईंना पढवून आले. आरोपी जागेवरच नाही म्हटले की हेतूबितूची भानगड उरत नाही, असा माझा हिशेब. साहेबांनी माझे टिपण वाचले. "हे खरं हाय?"

"नाही."

"मंग फाडा."

ते रागावले नाहीत. कारकुनासमोर तर अवाक्षर काढले नाही. दुसऱ्या दिवशी मला घेऊन तुरुंगात गेले आणि बाईंना त्यांनी सरळ विचारले, "आग तुम्हीच लावली ना?"

"हौ साहेब, पाला जाळला. घर नाही जाळलं. मी काहून कोणाचं घर जाळीन?"

"मंग कोर्टात हेच सांगायचं." बाईंचे वाक्य त्यांनी जसेच्या तसे उतरवून घेतले. आता प्रकरण हातचे गेले, असे मला वाटले, आणि खरे सांगायचे तर साहेबांचा रागही आला.

साक्षीच्या दिवशी सुगंधाबाईंनी तो शाप शब्दशः सांगितला. साहेब उलटतपासणीला उठले. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न साक्षीदाराला विचारू नये, हे आम्हाला त्यांनीच शिकवलेले. वैर धरलेली बाई काय बोलेल, कोणाला ठाऊक? तरी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "घर पेटलं, तवा पाणी घेऊन पह्यले कोण आलं?"

सुगंधाबाईंनी आरोपीच्या पिंजऱ्याकडे बोट केले. मग म्हणाल्या, "तेच आली. माह्या सासूले बी तिनंच बाहेर काढलं."

जाणूनबुजून आग लावल्याचा आरोप टिकला नाही. निष्काळजीपणा सिद्ध झाला, पण त्याची शिक्षा बाईंनी तुरुंगात आधीच भोगली होती. त्याच आठवड्यात बाई आपल्या मुलीजवळ पोचल्या.

साहेबांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, अशी माझी मनापासून प्रार्थना आहे, आणि तीत माझा स्वार्थ आहे: माझी टिपणे फाडायला सांगणारे कोणीतरी अजून हवे. बाजारात गेलेली बाई पाणी घेऊन धावू शकत नाही. ते प्रकरण मी एकटीने चालवले असते, तर फुलवंताबाईंना वाचवणारी एकुलती एक गोष्ट मीच खोटी ठरवली असती.